आकडा नाही म्हणून कायदा नाही, कायदा नाही म्हणून आकडा नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : मुलींचा खतना थांबवण्यात राज्य व जिल्हा प्रशासनाची जबाबदारी

मे २०१७ मध्ये तेव्हाच्या केंद्रीय महिला व बालविकास मंत्री मनेका गांधी यांनी जाहीर केले होते, की बोहरा समाजाने मुलींचा खतना आपणहून थांबवला नाही तर सरकार कायदा करेल. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांच्याच मंत्रालयाने सर्वोच्च न्यायालयाला कळवले, की या प्रथेबद्दल कोणतीही अधिकृत आकडेवारी किंवा अभ्यास उपलब्ध नाही. आकडा नाही याचे कारण साधे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा प्रश्न विचारला जात नाही, आरोग्य विभागाच्या मासिक अहवालात त्याचा रकाना नाही आणि पोलिसांकडे त्याचे स्वतंत्र कलम नाही. आकडा नाही म्हणून कायदा होत नाही, आणि कायदा नाही म्हणून आकडा गोळा होत नाही. सात वर्षांच्या मुली या चक्रात अडकल्या आहेत. हे चक्र फक्त दिल्लीतच तुटू शकते असे नाही, जिल्ह्याच्या पातळीवरही त्याचे दोन-तीन दुवे तोडता येतात. त्यासाठीच हे पत्र.

आधी वस्तुस्थिती. मुलींचा खतना म्हणजे वैद्यकीय कारण नसताना मुलीच्या बाह्य जननेंद्रियाचा भाग कापणे किंवा त्याला इजा करणे. त्याचे जागतिक आरोग्य संघटनेने चार प्रकार मानले आहेत. भारतात प्रामुख्याने नोंदला गेलेला प्रकार पहिला : शिस्निकेवरची (क्लिटोरिसवरची) त्वचा, कधी तिच्यासह शिस्निकेचा भाग, साधारण सातव्या वर्षी कापला जातो. चौथ्या प्रकारात टोचणे, खरवडणे, चीर देणे हेही येते, त्यामुळे 'आम्ही नुसते टोचतो' हा बचाव वैद्यकीयदृष्ट्या टिकत नाही. ताबडतोबीचे धोके म्हणजे रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लघवी अडकणे आणि तीव्र वेदना. पुढे जखमेच्या व्रणाचे दुखणे, शरीरसंबंधातला त्रास, आणि विश्वासातल्या बाईने हात धरून नेले याचा मनावर राहिलेला ओरखडा. फायदा एकही नाही.

देशात ही प्रथा मुख्यतः दाऊदी बोहरा आणि त्यांच्या जवळच्या बोहरा पंथांत आढळते. केरळमधूनही काही नोंदी पुढे आल्या आहेत. कुराणात तिचा उल्लेख नाही, आणि भारतातले बहुसंख्य मुसलमान ती पाळत नाहीत. आफ्रिकेत ती ख्रिस्ती आणि पारंपरिक धर्म पाळणाऱ्यांतही आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण कोकणात हा विषय निघाला की आडनाव पाहून बोट दाखवायला वेळ लागत नाही. आपल्या बाजारपेठांत बोहरा कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या लोखंडी सामान, रंग, काचसामान विकत आली आहेत. त्यांच्याविरुद्ध काठी म्हणून हा प्रश्न ज्यांना वापरायचा असेल त्यांनी आमच्या पत्राचा आधार घेऊ नये. प्रथेविरुद्ध पहिला आणि सर्वांत मोठा आवाज बोहरा स्त्रियांनीच उठवला. २०१५ मध्ये मासूमा रानाळवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर अर्ज केला, त्याच वर्षी मुंबईत 'सहियो' ही संस्था उभी राहिली. 'सहियो'च्या २०१७ च्या पाहणीत ३८५ स्त्रियांपैकी ८० टक्क्यांनी आपला खतना झाल्याचे सांगितले. हा नमुना ऑनलाइन आणि स्वेच्छेने आलेल्या स्त्रियांचा होता, त्यामुळे तो संपूर्ण समाजाचा आकडा मानता येत नाही. पण सरकारकडे याहून चांगला आकडा नाही हीच तर तक्रार आहे. प्रथेचे समर्थन करणारी बोहरा स्त्रियांची संघटनाही न्यायालयात आपली बाजू मांडत आहे आणि तो त्यांचा हक्क आहे. आमचे उत्तर एवढेच, की प्रौढ बाईने स्वतःच्या शरीराबद्दल घेतलेला निर्णय आणि दुसरीतल्या मुलीवर मोठ्यांनी केलेली कृती या दोन गोष्टी कायद्याने एका तागडीत तोलू नयेत.

आता कायदा. जुलै २०१८ मध्ये तत्कालीन ॲटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी या प्रथेविरुद्धच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयात सांगितले, की हे कृत्य दंडसंहिता आणि पॉक्सो (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) यांखाली आजही गुन्हाच आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये प्रकरण मोठ्या पीठाकडे गेले, आणि नोव्हेंबर २०१९ च्या शबरीमला फेरविचाराच्या आदेशाने ते धर्मस्वातंत्र्याच्या व्यापक प्रश्नांना जोडले गेले. गुन्हा आहेच, मग वेगळा कायदा कशाला, असे पुष्कळ जण विचारतात. पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून कलमे लावायला घेतली की उत्तर मिळते.

पॉक्सोचे कलम ३ शरीरात वस्तू 'घालण्या'बद्दल बोलते, कापण्याबद्दल नाही. कलम ७ मध्ये स्पर्श येतो, पण 'लैंगिक हेतूने' ही अट आहे. आजी म्हणणार, माझा हेतू धार्मिक होता. जुन्या दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मधली 'जबर दुखापती'ची व्याख्या पाहा. तिच्यात पुरुषत्व नष्ट करणे हे पहिल्या क्रमांकावर आहे, मुलीच्या जननेंद्रियाचा शब्द नाही. मग 'अवयव गमावणे' किंवा 'पंधरा दिवस तीव्र वेदना' यांत ते बसवावे लागते, आणि छोट्या छेदाच्या बाबतीत त्यावर वाद होतो. जबर दुखापत सिद्ध झाली नाही तर उरते कलम ११८ (१) : कापण्याच्या हत्याराने साधी दुखापत, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भरीला कलम २७ आहे. बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी, पालकाच्या संमतीने, सद्भावनेने केलेली कृती त्या कलमाने गुन्हा ठरत नाही. जबर दुखापतीला हा बचाव सहसा मिळत नाही, पण साध्या दुखापतीला मिळू शकतो. खतना सातव्या वर्षी होतो, म्हणजे नेमका बाराच्या आत. बचावाच्या वकिलाला याहून सोयीचे कलम कोणते हवे?

आणखी एक अडचण मुदतीची. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने तीन वर्षांच्या आत घ्यावी असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचे) कलम ५१४ सांगते. सातव्या वर्षी कापलेली मुलगी दहा वर्षांची होते तेव्हा ही मुदत संपते. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ खालची, मुलाशी क्रूरतेची शिक्षाही सर्वसाधारणपणे तीन वर्षांपर्यंतच असल्याने त्यालाही हीच मुदत लागते. उशिराचे कारण पटले तर न्यायालय मुदत वाढवू शकते, पण आपल्यावर काय झाले हे ज्या मुलीला विसाव्या वर्षी उमगते, तिने कारणांची फाईल घेऊन दारोदार फिरायचे काय?

दुसऱ्या टोकाला, पॉक्सोचे सर्वांत कडक कलम लागू झाले तर बारा वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत किमान शिक्षा २० वर्षे. कागदावर हे जोरदार वाटते, प्रत्यक्षात त्यानेच तोंडे बंद होतात. माहिती असते ती मावशीला, आत्याला, शेजारणीला. तक्रार केली तर मुलीची आई आणि आजी वीस वर्षे आत जाणार, हे कळल्यावर कोण फोन उचलेल? ठाणे अंमलदारालाही हे कळते, म्हणून तो 'घरात मिटवा' म्हणतो. शिक्षा जितकी मोठी तितका धाक मोठा, हा समज बालविवाहात, हुंड्यात आणि इथेही खोटा ठरतो. धाक बसतो तो पकडले जाण्याच्या खात्रीने.

म्हणून कायद्याचा आराखडा उतरंडीचा हवा. कापणारी व्यक्ती, त्यासाठी जागा, साधन किंवा पैसा पुरवणारी व्यक्ती आणि हे काम करणारा डॉक्टर यांना निश्चित, न टळणारी कैद हवी, आणि डॉक्टरची नोंदणीही जायला हवी. आई-वडिलांसाठी आधी मनाई हुकूम, तो मोडला तर शिक्षा. हा हुकूम नव्याने शोधायची गरज नाही. बालविवाह प्रतिबंध अधिनियम २००६ च्या कलम १३ खाली न्यायदंडाधिकारी होऊ घातलेला विवाह आधीच थांबवू शकतो, आणि हुकूम मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होतो. तेच कलम खतन्यासाठी उचलावे. इंग्लंडने २०१५ मध्ये असे संरक्षण आदेश सुरू केले. तिथे मूळ बंदी १९८५ ची, पण पहिली शिक्षा झाली २०१९ मध्ये. चौतीस वर्षे नुसता कायदा पुस्तकात होता.

बाहेरच्या अनुभवातून आपल्याला उपयोगी पडेल असे थोडेच सांगतो. केनियाने २०११ मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्यात कापणाऱ्यासह मदत करणारा, जागा देणारा, मुलीला सीमेपलीकडे नेणारा, माहीत असून न कळवणारा, इतकेच काय, खतना न झालेल्या स्त्रीला हिणवणाराही दोषी ठरतो. सोबत या एकाच कामासाठी मंडळ नेमले. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांतले प्रमाण १९९८ मध्ये ३८ टक्के होते, ते २०२२ मध्ये १५ टक्क्यांवर आले. घट कायद्याच्या आधीच सुरू झाली होती. शाळा, रस्ते, मुलींचे शिक्षण यांचाही त्यात वाटा आहे. बुर्किना फासोने १९९० मध्ये राष्ट्रीय समिती आणि १९९६ मध्ये कायदा केला, आणि निनावी तक्रारीसाठी मोफत दूरध्वनी ठेवला. इजिप्तचा धडा उलटा आहे. बंदी आली तशी कात्री सुइणीच्या हातून डॉक्टरच्या हातात गेली, आणि कृत्य 'स्वच्छ' झाल्याच्या भ्रमात टिकून राहिले. गांबियात २०१५ मध्ये बंदी आली, पहिल्या शिक्षा २०२३ मध्ये झाल्या, आणि शिक्षा होताच कायदा रद्द करण्याचे विधेयक आले. जुलै २०२४ मध्ये तिथल्या संसदेने ते फेटाळले. अंमलबजावणी सुरू झाली की खरा विरोध सुरू होतो, याची तयारी आधीच ठेवावी लागते.

आपल्यासाठी सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच आहे. २०१६ मध्ये अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशा देशांतल्या अनेक बोहरा जमातींनी आपल्या सभासदांना पत्रे पाठवून कळवले, की इथे हे कायद्याने निषिद्ध आहे, तेव्हा इथल्या कायद्याचे पालन करा. जिथे कायद्याने कृत्याचे नाव घेऊन ते गुन्हा ठरवले तिथे जमातच सभासदांना थांबायला सांगते, आणि जिथे कायदा मोघम आहे तिथे मुभा राहते. स्वतंत्र कायद्याच्या बाजूने याहून चांगला पुरावा आम्हाला माहीत नाही.

असा कायदा महाराष्ट्राला करता येतो. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे, राष्ट्रपतींची संमती घेऊन राज्याला पुढे जाता येते, आणि आपण ते केले आहे. 'वाळीत टाकणे' म्हणजे काय हे रायगड-रत्नागिरीच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. गावकीच्या बैठकीत दंड ठोठावणे, विहीर बंद करणे, लग्नकार्याला मज्जाव करणे, मयताला कोणी न जाणे, हे सारे कोकणाने पाहिले आहे. त्यातूनच सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आला : एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने संमत केला, जुलै २०१७ मध्ये लागू झाला, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. खतन्याला नकार देणाऱ्या कुटुंबाला सर्वांत मोठी भीती याच बहिष्काराची असते : लग्न जुळणार नाही, दफनाला जागा मिळणार नाही, धंद्यात गिऱ्हाईक तुटेल. त्यामुळे खतन्याचा कायदा येईपर्यंत हा कायदा नकार देणाऱ्यांची ढाल होऊ शकतो. मात्र एक गुंता आहे. मुंबई प्रांताचा १९४९ चा बहिष्कारविरोधी कायदा बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घटनाबाह्य ठरवला होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाचा फेरविचार नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने करावा असे म्हटले. त्यामुळे धर्मगुरूंच्या आदेशाने झालेल्या बहिष्काराबाबत पोलीस कचरतात. शेजाऱ्यांनी, नातेवाइकांनी, व्यापारी मंडळींनी घातलेल्या बहिष्काराला हे कारण लागू होत नाही, एवढे तरी पोलीस अधीक्षकांनी परिपत्रकाने स्पष्ट करावे.

कायद्याची रचना कशी असावी याचाही नमुना घरात आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा कोणत्याही धर्माचे किंवा पंथाचे नाव घेत नाही. त्याला एक अनुसूची जोडली आहे, आणि तिच्यात कोणती कृत्ये गुन्हा आहेत हे एकेक करून लिहिले आहे. खतन्याचा कायदाही असाच कृत्याचे वर्णन करणारा असावा : अठरा वर्षांखालील मुलीच्या बाह्य जननेंद्रियाचा कोणताही भाग, कितीही लहान असला तरी, वैद्यकीय गरजेशिवाय कापणे, टोचणे, खरवडणे, डागणे. 'कितीही लहान' हे शब्द अत्यावश्यक आहेत. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये बोहरा कुटुंबांशी संबंधित खटला नेमका याच मुद्द्यावर अडला. खालच्या न्यायालयाने शिक्षा दिली, अपिलात २०१८ मध्ये ती रद्द झाली, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की लहानशी चीरही बंदीत येते. सुधारणा आतून आणि बाहेरून एकाच वेळी लागते. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधानभवनावर नेला तो कायद्याचीच मागणी घेऊन. समाजाचे प्रबोधन आधी की कायदा आधी, या वादात त्यांनी वेळ घालवला नाही.

नवा कायदा येईपर्यंत काय करता येते? बरेच. पॉक्सोच्या कलम १९ नुसार गुन्हा झाल्याचीच नव्हे, तर तो होण्याची शक्यता असल्याचीही माहिती देणे बंधनकारक आहे, आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठी चोवीस तास चालणारा क्रमांक आहे. फोन आला की माहिती जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जावी, आणि कक्षाने ती त्याच दिवशी बालकल्याण समितीपुढे ठेवावी. समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. पूर्ण बैठक नसली तरी तातडीच्या वेळी एका सदस्यापुढेही मूल हजर करता येते. मुलीला घरातून उचलून बालगृहात ठेवणे हा या ठिकाणी जवळजवळ नेहमीच चुकीचा उपाय असतो. त्याने तिला दुहेरी शिक्षा होते, आणि पुढचा फोन कधीच येत नाही. आई-वडिलांना बोलावून प्रथेचे परिणाम आणि कायदा सांगावा, लेखी हमीपत्र घ्यावे, मुलीला त्यांच्याच ताब्यात पण बालकल्याण अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवावे, आणि सुट्ट्यांच्या आधी व नंतर भेट द्यावी. पुष्कळ आयांना स्वतःला ही प्रथा नको असते, फक्त सासूला आणि जमातीला देण्यासारखे कारण हवे असते. 'सरकारी कागदावर सही केली आहे' हे कारण चालते.

साखळी तुटते कुठे? पहिले, अंतर. समिती बसते जिल्ह्याच्या ठिकाणी. मंडणगड-दापोलीच्या कुटुंबाला रत्नागिरीला जायचे तर सकाळची एसटी धरावी लागते आणि दिवस मोडतो. दुसऱ्या तारखेला ते येत नाहीत, आणि प्रकरण बंद पडते. समितीने महिन्यातून ठरावीक दिवशी चिपळूण किंवा खेडला बैठक घेतली तर उत्तरेकडच्या तालुक्यांची सोय होईल. दुसरे, गाव आणि शहर. आपली सारी यंत्रणा गावाच्या मापाने शिवली आहे : सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका, आशा यांची ग्राम बाल संरक्षण समिती. हा प्रश्न मात्र बाजारपेठेच्या शहरातला आहे. तिथे प्रभाग समित्या हव्यात. नगरपालिकांवर वर्षानुवर्षे प्रशासक असताना नगरसेवकच नव्हते, त्यामुळे या समित्यांना वालीच उरला नव्हता. तिसरे, हद्द. मुलगी पनवेलची किंवा महाडची, आणि कृत्य मुंबईत, असे झाले की दोन ठाणी एकमेकांकडे बोट दाखवतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार घटना कुठेही घडली तरी माहिती नोंदवून घेणे कोणत्याही ठाण्यावर बंधनकारक आहे. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून कागद पुढे पाठवायचा असतो, तक्रारदाराला नाही. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याचे नाव ठाण्याच्या फलकावर लिहिलेले असावे. चौथे, शाळा. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळाशाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या करायला सांगितले आहे. दुसरी-तिसरीच्या वर्गशिक्षिकेने मुलींना याबद्दल प्रश्न विचारू नयेत. तिला चिन्हे माहीत असावीत : सुट्टीनंतर चालताना अवघडणे, लघवीला जायला घाबरणे, एकाएकी गप्प होणे. ही चिन्हे इतर लैंगिक अत्याचारातही दिसतात, तेव्हा हे शिकवलेले वाया जात नाही.

कृत्य घडून गेले असेल तर पहिले दिवस मोलाचे. या वयात छोटी जखम भराभर भरते, आणि नंतर केलेल्या तपासणीत काहीच दिसत नाही. तपासणी पॉक्सोच्या कलम २७ नुसार स्त्री डॉक्टरनेच करायची. पालकच संशयित असतील तर रुग्णालयाच्या प्रमुखाने नेमलेल्या स्त्रीच्या उपस्थितीत ती करता येते. हे कलम माहीत नसल्याने डॉक्टर आईची वाट पाहत बसतात. बारा वर्षांखालच्या मुलीसाठी पालकाची संमती लागते. तो नकार देत असेल तर पेच सोडवण्यासाठी बालकल्याण समितीकडे त्याच दिवशी जावे. मुलीला वेदना होऊ न देता, एकदाच, भिंगातून मोठे करून पाहणे आणि छायाचित्र घेणे, जखमेची जागा, लांबी आणि कडा यांचे वर्णन लिहिणे. दुसऱ्यांदा तपासणी नको. आणि अहवालात हे वाक्य असलेच पाहिजे, की व्रण न दिसणे याचा अर्थ कृत्य झाले नाही असा होत नाही. नुसते 'इजा आढळली नाही' असे लिहिले की खटला तिथेच संपतो.

फ्रान्समध्ये खतन्याचा वेगळा कायदा नाही, तरी तिथे शंभरावर लोकांना शिक्षा झाल्या, कारण तिथल्या सरकारी बालआरोग्य केंद्रांत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची नियमित तपासणी होते. हा मार्ग आपण उचलू नये असे आमचे ठाम मत आहे. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळेत वर्षातून एकदा येतात. त्यांना एका समाजाच्या मुली वेगळ्या काढून तपासायला लावले तर तो मुलींचा अपमान ठरेल, आणि पालक त्यांना तपासणीच्या दिवशी घरीच ठेवतील. मग अशक्तपणा, दात, डोळे यांची तपासणीही गेली. त्याऐवजी प्रसूतिपूर्व तपासणीत, सासू किंवा नवरा खोलीबाहेर असताना, इतर इतिहासाबरोबर हा एक प्रश्न सर्वच स्त्रियांना विचारावा. 'हो' म्हणणाऱ्या बाईची नोंद नावाशिवाय, फक्त संख्येत वर जावी. तिच्या जुन्या घटनेची तक्रार तिच्या इच्छेविना पोलिसांकडे जाऊ नये. तिला मुलगी झाली तर मात्र आईशी बोलण्याची हीच वेळ, सात वर्षे आधी. मोठा आकडा हवा असेल तर राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रश्न वाढवूनही पुरणार नाही. जगभर अंदाजे १० लाख लोकसंख्येचा समाज, त्याची घरे सर्वेक्षणाच्या नमुन्यात मोजकीच येतील. त्यासाठी बोहरा स्त्री संशोधकांना सोबत घेऊन, ओळख पूर्णपणे गुप्त ठेवून, राज्याने स्वतंत्र अभ्यास करावा. युनिसेफने मार्च २०२४ मध्ये ३१ देशांतून २३ कोटींहून अधिक पीडित मुली व स्त्रिया मोजल्या. त्या ३१ देशांत भारत नाही.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती. पॉक्सोचे कलम २३ मुलीची ओळख पटेल असे काहीही छापायला मनाई करते. कोकणातल्या लहान शहरात नाव न देताही ओळख पटते. 'अमुक पेठेतील व्यापाऱ्याची सात वर्षांची मुलगी' एवढे लिहिले की संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला घर कळते. शहर, पेठ, शाळा, व्यवसाय, समाज यांपैकी काहीही छापू नये, ठिकाण सांगायचेच तर फक्त तालुका सांगावा. बातमीखाली १०९८ हा क्रमांक मात्र प्रत्येक वेळी छापावा.

पैशाची सबब सांगितली जाऊ नये. जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखून ठेवण्याची तरतूद आहे, आणि तो बहुधा इमारतींवर आणि फलकांवर जातो. जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत रत्नागिरी, रायगड आणि सिंधुदुर्गच्या पालकमंत्र्यांनी त्यातून तीन गोष्टी मंजूर कराव्यात : जिल्हा रुग्णालयातल्या दोन स्त्री डॉक्टरांचे आणि बालकल्याण पोलीस अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण, तपासणीसाठी छायाचित्राची सोय असलेले भिंगयंत्र, आणि बालकल्याण समितीच्या तालुक्यातल्या बैठकांचा प्रवासखर्च. स्वतंत्र कायद्याचे विधेयक कोकणातल्या आमदारांपैकी कोणी मांडणार असेल, तर अनुसूचीचा मसुदा आम्ही तयार ठेवला आहे.

आपले,
बालहक्क, वैद्यकीय आणि विधी क्षेत्रांत काम करणारे काही नागरिक,
रत्नागिरी जिल्हा